स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप एवढी मोठी कशी काय झाली?

निशाचर_नागपूरकर
मंडळी, २०२५ ची फायनल बघितली, चीनच्या झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवलं ती, आणि तेव्हापासून स्नूकरचं वेडच लागलंय. पण एक कळत नाही. खेळ जन्मला आपल्या जबलपूरच्या छावणीत, १८७५ च्या सुमारास ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या टेबलावर, मग सगळा मान शेफील्डच्या एका नाटकाच्या थिएटरला कसा मिळाला? आणि एवढा संथ खेळ लोक टीव्हीवर तासन्‌तास बघायला लागले तरी कधी? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

खडूवाला
एका शब्दात सांगायचं तर टीव्ही. पहिली चॅम्पियनशिप १९२७ ची, बर्मिंगहॅमला, जो डेव्हिस जिंकला आणि बक्षीस किती तर साडेसहा पौंड. तोच करंडक आजही देतात. हा माणूस १९४६ पर्यंत १५ वेळा जिंकला, एकदाही हरला नाही, आणि मग त्याने भागच घेणं सोडलं. तिथेच घोळ झाला, कारण सगळ्यात भारी खेळाडू बाहेर बसलेला असताना जिंकणाऱ्याला जगज्जेता कोण म्हणणार? त्यात खेळाडू आणि संघटनेचं भांडण, १९५२ ला तर स्पर्धेत उतरले फक्त दोघं. १९५७ नंतर सगळं बंदच पडलं ते थेट १९६४ पर्यंत.
मग १९६९ ला बीबीसी २ वर पॉट ब्लॅक हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला. नवा नवा रंगीत टीव्ही आला होता आणि रंग दाखवायला स्नूकरइतका सोयीचा खेळ दुसरा नव्हता, हिरवं टेबल, लाल, पिवळा, गुलाबी, सगळं कॅमेऱ्याच्या एका चौकटीत. ती कल्पना उचलून धरणाऱ्यांत डेव्हिड अ‍ॅटनबरो होते, हो, तेच प्राण्यांच्या डॉक्युमेंटरीवाले, तेव्हा बीबीसीत अधिकारी होते.

लीड्सकर_मनीषा
खडूवाला, टीव्हीचं खरंय पण अर्धंच. पॉट ब्लॅकमध्ये एकेका फ्रेमची, म्हणजे एका डावाची, मॅच असायची, त्याने लोकांना खेळ कळला, जीव लागला तो क्रूसिबलमुळे, म्हणजे शेफील्डच्या त्याच थिएटरमुळे. १९७७ ला स्पर्धा तिथे गेली आणि पुढच्याच वर्षीपासून बीबीसी रोज दाखवायला लागलं. मी तिथे मॅच बघितलीये, हजाराच्या आतबाहेर खुर्च्या, तिन्ही बाजूंनी उतरत आलेल्या, पुढच्या रांगेतून खेळाडूचा चेहरा स्पष्ट दिसतो, बॉल चुकल्यावर तो खुर्चीत जाऊन बसतो आणि समोरचा ब्रेक करत असताना, म्हणजे एकामागून एक बॉल खिशात घालत असताना, त्याला तिथे नुसतं बघत राहावं लागतं. १७ दिवस हे चालतं, फायनल ३५ पैकी १८ फ्रेम आधी जिंकणाऱ्याची, दोन दिवस! माणूस आतून कसा आहे ते दिसायला तेवढा वेळ लागतोच, म्हणून मला हा संथपणा फार आवडतो.

निशाचर_नागपूरकर
मस्त माहिती, दोघांचे आभार. मनीषाताई, जुनी एखादी मॅच सुचवा ना, कुठून सुरुवात करू?

लीड्सकर_मनीषा
१९८५ ची फायनल, डोळे झाकून. स्टीव्ह डेव्हिस म्हणजे तेव्हा नंबर एक, ८-० ने पुढे गेला होता, डेनिस टेलर एकदाही आघाडीवर नव्हता पण चिकटून राहिला, १७-१७ झालं आणि शेवटची फ्रेम थेट सगळ्यात शेवटच्या काळ्या बॉलवर आली. मध्यरात्र उलटून गेलेली आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक जागे. डेव्हिसचा काळा चुकला, टेलरने खिशात घातला. अख्ख्या मॅचमध्ये तो पुढे गेला तो त्याच एका पॉटने. निदान शेवटची फ्रेम तरी पूर्ण बघ, ती एकटीच तासाभराच्या वर आहे, हायलाइट्सवर भागवू नकोस.

खडूवाला
+१. त्यानंतर रॉनी ओ'सुलिव्हनचा १९९७ चा १४७ (एका ब्रेकमध्ये मिळणारे सर्वाधिक गुण) बघ, साडेपाच मिनिटांच्या आत संपवलाय, म्हणजे संथपणाचा मुद्दाही निकालात निघेल. आणि चीनचं म्हणशील तर झाओ एकदम उगवलेला नाही, २००५ ला डिंग जुनहुईने चायना ओपनमध्ये सात वेळच्या जगज्जेत्या स्टीफन हेन्ड्रीला हरवलं तिथून तिकडची पोरं या खेळाकडे वळली. त्याच डिंगविरुद्ध आपला मुंबईचा आदित्य मेहता २०१३ ला दिल्लीत इंडियन ओपनची फायनल खेळला. ५-० हरला, पण व्यावसायिक सर्किटच्या रँकिंग स्पर्धेत (जिच्यावरून जागतिक क्रमवारी ठरते) फायनलला पोचला हे फार मोठं होतं, आपल्याकडे त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.