रस्त्याच्या पाटीवरचे ‘हे’ कोण?

मुंबईच्या रस्त्यांची साहेबी नावं जाऊन आपल्या माणसांची आली त्याला जमाना झाला. टॅक्सीत बसताना जुनं नाव, फॉर्म भरताना नवं, असा आपला कारभार. पण पाटीवरचा माणूस कोण, हे कुणी विचारलं तेव्हा काय झालं? येऊ द्या किस्से. ठोकून दिलं असेल तर तेही लिहा.

गिरणगावकर: आमचा डिलाईल रोड. लग्नपत्रिकेवर ना. म. जोशी मार्ग. चाळीतल्या पोरांची खात्री होती की हे कुणी जुने नगरसेवक. वडील गिरणीत, पक्के युनियनवाले. एकदा त्यांनी गॅलरीतच शाळा घेतली: 1911 ला सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि 1920 ला आयटक ही कामगार संघटना उभी करणाऱ्यांतले हे नारायण मल्हार जोशी. गिरण्यांच्या वस्तीतल्या रस्त्याला कामगारांचाच माणूस. इतकं जागेवर बसलेलं नाव मुंबईत दुसरं नसेल. आता समोरच्या टॉवरमधले लोक नुसतं ‘एनेम जोशी’ म्हणतात.

फास्ट लोकल: चर्चगेट स्ट्रीटचा झाला वीर नरीमन रोड. ऑफिसातल्या एकाने ‘वीर’ वाचून त्यांना परस्पर सैन्यात भरती केलं होतं! खुर्शेद फ्रामजी नरीमन वकील होते. 1920 च्या दशकात बॅकबेच्या भरणीतला घोटाळा त्यांनी चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या इंजिनियरने अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरीमन सुटले. पुढे 1935 ला महापौर झाले. आणि नरीमन पॉइंट हे नाव दिलं कशाला? समुद्रात भरणी घालून काढलेल्या जमिनीला. नाव ठरवताना कुणीतरी मिश्कील माणूस बसला असणार.

मावशीबाई: पेडर रोड म्हणजे डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. आमच्या भिशीत सगळ्या म्हणाल्या, लोकहितवादी! अगं, पण ते डॉक्टर कधी झाले? हे सर्जन गोपाळराव. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा 1937 चा कायदा यांनी मांडला. वाटा हयातीपुरता, पण तेव्हा तेही फार होतं. आम्हा बायकांनाच हे नाव ठाऊक नसावं, याचा मला राग आला.

खोताची वाडी: व्ही. पी. रोड आणि एस. व्ही. पी. रोड दोन्ही सरदार वल्लभभाई पटेलांचे, असं निम्मं गिरगाव समजतं. पहिला थोरले बंधू विठ्ठलभाईंचा. 1925 मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. कुरियरवाल्याला याचं काय!

औषधवाला: प्रिन्सेस स्ट्रीटवर नोकरी केली, पाटीवरचे शामळदास गांधी कोण हे मराठी मंडळींत कुणालाच सांगता येईना. सांगितलं ते जुनागढच्या एका गुजराती शेठनी. महात्माजींचे पुतणे, 1947 ला जुनागढच्या आरझी हुकूमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे, प्रमुख. ती हुकूमत जाहीर झाली मुंबईतच, माधवबागेत. म्हणजे आमच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तिरका: एवढं मनाला लावून घेऊ नका. डिलाईल कोण होता हे तरी आपल्या आज्याला कुठे माहीत होतं? पाटीखाली दोन ओळी लिहिल्या तरी पुष्कळ झालं. पी. डिमेलो रोडपासून सुरुवात करा, गोदी कामगारांच्या या पुढाऱ्याला तिथले ट्रकवाले विलायती साहेब समजतात.