कोंबडीच्या पोटातली चरबी: दोष तेलाचा की हिशोबाचा?

खुराडेकर
ब्रॉयलरच्या खाद्यात ऊर्जा वाढवायची असली की चार-पाच टक्के तेल किंवा चरबी घालायची, मग ती कुठलीही असो, हा समज मला मुळीच पटत नाही. उष्मांक सारखे धरले तरी सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल खाल्लेल्या पक्ष्याच्या पोटात टॅलो, म्हणजे गुरांची चरबी, खाल्लेल्या पक्ष्यापेक्षा कमी चरबी साठते. हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. वजनात मात्र फारसा फरक पडत नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. तराजूला मांस आणि चरबी सारखीच!

कारण यकृतात आहे. डुकरात नवी चरबी चरबीच्या पेशींतच बनते, कोंबडीत ती मुख्यतः यकृतात बनते आणि रक्तातून पोटापर्यंत जाते. लिनोलिक, लिनोलेनिक अशी वनस्पती तेलांतली बहुअसंतृप्त मेदाम्लं (मेदाम्लं म्हणजे चरबीचे घटक) यकृतातलं हे काम मंदावतात आणि मेद जाळण्याचं प्रमाण वाढवतात. टॅलोतली संतृप्त मेदाम्लं तसं करत नाहीत, ती साठवणीत जास्त जातात.

तुसाची गादी
यकृताचं बरोबर आहे, पण तुम्ही शेपूट धरून बसलात. पक्षी चरबट होतो तो आधी ऊर्जा आणि प्रथिनांचं गणित चुकल्यामुळे. लायसिन, मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक कमी पडले की मांस बनत नाही, उरलेली ऊर्जा चरबीत जाते. अशा खाद्यात सूर्यफुलाचं तेल घालून काय साधणार? शिवाय माद्या नरांपेक्षा चरबट असतातच. फ्रान्समध्ये तर निवड करत करत एक चरबट आणि एक सडपातळ असे दोन वंश तयार केले गेले. तेलाआधी वंश, लिंग आणि प्रथिनं बघा.

आणि 'उष्मांक सारखे' कुठे असतात? कोवळ्या पिल्लाला टॅलो नीट पचतच नाही. कागदावर सारखे, पोटात वेगळे.

खुराडेकर
पण हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला ना! टॅलोतून कमी ऊर्जा मिळूनही पोटात चरबी जास्त, म्हणजे फरक नुसत्या ऊर्जेचा नाही. प्रथिनांचं तुमचं म्हणणं मात्र मान्य, ते मी मांडायला हवं होतं.

सुरीवाला
मी कापणीच्या बाजूचा माणूस. कोंबडीच्या अंगात तीच मेदाम्लं उतरतात जी तिने खाल्ली. जास्त तेलाच्या लॉटची चरबी मऊ, बोटाला लागणारी येते आणि गार केल्यावरही घट्ट होत नाही. जवस किंवा माशाचं तेल जास्त झालं तर मांसाला वास येतो. असं मांस खवटही लवकर होतं. खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवलं नाही तर जिवंत पिल्लांनाही त्रास: मेंदूला इजा होऊन ती मान वाकडी करून पडतात. सगळी चर्चा पोटाच्या चरबीवर चालली आहे, म्हणून हे लिहिलं.

पित्तरस
वयाचा मुद्दा इथे हवाच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चरबी पचवणारे पित्तक्षार आणि लायपेज हे विकर दोन्ही कमी पडतात. पामिटिक, स्टिअरिक अशी लांब संतृप्त मेदाम्लं तेव्हा विरघळत नाहीत, कॅल्शियमशी साबण होऊन विष्ठेतून निघून जातात. गहू-जवाचं खाद्य असलं तर आतड्यातला चिकटपणा आणखी घात करतो, झायलनेज, म्हणजे हा चिकटपणा तोडणारं विकर, घातलं की सुधारतं. म्हणून स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या खाद्यात, असंतृप्त तेल, आणि कापणीआधीचे आठ-दहा दिवस थोडं टॅलो. असं बदललेल्या लॉटमध्ये चरबी घट्टही राहते, आणि सुरुवातीपासून टॅलो दिलेल्या पक्ष्यांपेक्षा पोटातली चरबी कमीही दिसली आहे.

तुसाची गादी
थांबा. पक्षी सगळ्यात जास्त चरबी धरतो ती शेवटच्याच दिवसांत. तेव्हाच टॅलो दिलं तर आधीचं कमावलेलं किती टिकेल, हे दिवसांच्या संख्येवर ठरणार. तो आकडा सगळ्यांना एकच कसा लागू होईल? त्यापेक्षा प्रथिनं नीट करून चरबीचं एकूण प्रमाणच आटोक्यात ठेवावं.

खुराडेकर
प्रमाण कमी करायलाही मर्यादा आहे. लिनोलिक आम्ल पक्ष्याला बाहेरूनच लागतं, खाद्याच्या साधारण एक टक्का तरी. पण दिवसांबद्दलची शंका रास्त आहे. पुढच्या लॉटला प्रथिनं आणि लायसिन सारखं ठेवून दोन शेडमध्ये वेगळं तेल देणार, आणि नर-माद्या वेगळ्या कापून प्रत्येक पक्ष्याच्या पोटातली चरबी वजनाला लावणार. सुरीवाले, गार केल्यावर चरबी किती घट्ट झाली, ते तुम्ही हात लावून सांगाल का?

सुरीवाला
सांगतो. फक्त लॉटवर खूण करून पाठवा, कुठलं तेल ते मला आधी सांगू नका.