मदत हवी आहे: रेव्ह कमांडने मराठी शब्द नीट उलटा होत नाहीये

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, इंदिरानगरला राहतो. २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या (कुसुमाग्रजांच्या) जयंतीला सोसायटीतल्या पोरांसाठी विलोमपदांचा, म्हणजे उलटं वाचलं तरी तेच राहणाऱ्या शब्द-वाक्यांचा खेळ ठेवायचाय. "रामाला भाला मारा", "ती होडी जाडी होती" ही सगळ्यांना पाठ आहेत, मला नवे शब्द हवेत, म्हणून शब्दांची एक टेक्स्ट फाइल केली, उबुंटूच्या टर्मिनलवर रेव्ह कमांडने प्रत्येक ओळ उलटी केली आणि मूळ ओळीशी जुळते का ते पाहिलं. सरस सापडला, कनक सापडला, पण जहाज गायब! हाताने टाकून बघितलं तर जहाजचं "जाहज" आलं, नवजीवनचं "नवीजवन". आपलं नाशिक टाकलं तर "किशान", खरं तर "कशिना" यायला हवं ना? गोदावरीची तर शेवटची वेलांटी सुटून सुरुवातीला टिंबांच्या गोलावर जाऊन बसली.

फॉन्ट बदलून पाहिला, लोकेल (भाषेची सेटिंग) यूटीएफ-८ आहे, इंग्रजी शब्द बरोबर उलटतात. पोरांना चुकीचं काही द्यायचं नाहीये आणि एवढी फाइल डोळ्यांनी तपासणं होणार नाही. काय करू?

प्रतिसाद १:
फॉन्टचा दोष नाही. युनिकोडमध्ये "हा" म्हणजे ह आणि काना असे दोन कोडपॉइंट (संगणकासाठी दोन वेगळी चिन्हं), रेव्ह ते एकेक करून उलटतं, त्यामुळे काना आधीच्या अक्षराला चिकटतो. पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा वापरा, तिच्या शोधायच्या पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स लिहिलं की मात्रेसकट अख्खं अक्षर एकदम पकडलं जातं, त्यांची यादी करून रिव्हर्स करा आणि परत जोडा. मायनस कॅपिटल सी, एस, डी हा ऑप्शन विसरू नका, नाहीतर पर्ल बाइट्स मोजत बसेल. वाक्यं असतील तर स्पेस आधी काढा.

धागाकर्ता:
जहाज आलं! नवजीवन पण!! खूप खूप आभार. फक्त पुस्तकचं "कतस्पु" येतंय, "कस्तपु" हवं, जोडाक्षर फुटतंय.

प्रतिसाद १:
तुमचं पर्ल जुनं असणार. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. तोवर पॅटर्नमध्ये त्या एक्सच्या आधी "पाय मोडलेलं अक्षर, शून्य किंवा कितीही वेळा" असं घाला, म्हणजे स् पुढच्या त ला धरून राहील.

धागाकर्ता:
कस्तपु आलं. आता अख्खी फाइल चालवतो, जे सापडेल ते इथेच टाकतो.