शैक्षणिक कर्ज लवकर फेडायचंय: जादा रक्कम कशी भरावी?

प्रश्न (वाकडकर): शिल्लक कर्ज 8 लाख, फ्लोटिंग (बदलतं) व्याज 10.5 टक्के, मुदत 10 वर्षं, हप्ता 10,795. हिंजवडीतल्या पगारातून महिना 20 हजार भरता येतील. किती फरक पडेल?

कोथरूडकर: खूप! पहिल्या हप्त्यातले 7,000 नुसतं व्याजच असतं, म्हणून सुरुवातीलाच जोर लावा. 20 हजारांनी कर्ज साधारण 50 महिन्यांत फिटतं आणि व्याजाचे जवळपास 3 लाख वाचतात. पण शाखेत लेखी द्या: जादा रक्कम मुद्दलात वळवा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. नाहीतर कधी ती पुढच्या हप्त्यांपोटी धरली जाते आणि मुद्दल तसंच राहतं. दर तीन महिन्यांनी खातेउतारा तपासाच.

सदाशिवपेठी: फ्लोटिंग दरावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. प्राप्तिकरातली शैक्षणिक कर्जाची सवलत (1961 च्या कायद्यात कलम 80ई) फक्त व्याजावर, जास्तीत जास्त 8 वर्षं, तीही जुन्या करप्रणालीतच. तेवढ्यासाठी कर्ज लांबवू नका, वाचणारा कर भरलेल्या व्याजापेक्षा नेहमी कमीच असतो.

औंधकर: आधी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. एक हप्ता चुकला तरी सिबिलवर (कर्जफेडीच्या इतिहासात) नोंद होते, जामीनदार वडील असतील तर त्यांच्याही. कर्ज फिटल्यावर नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला मागून घ्या.