मदत हवी आहे : क्षयाची औषधे सुरू असताना आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी पुरेशी ठरते का?

काल रात्री संबंधाच्या वेळी कंडोम फाटला आणि ते वीर्यस्खलनानंतरच लक्षात आले. माझी पाळी नियमित असून सध्या चक्राचे मधले दिवस आहेत, त्यामुळे धोका किरकोळ मानता येत नाही. आज सकाळीच १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेतली आहे. उलटी झालेली नाही. ७२ तासांची मुदत पाळली गेली, पण खरी अडचण निराळी आहे. माझ्या क्षयरोगाच्या उपचारांत रिफाम्पिसिन आहे, आणि ते यकृतातील विकरांना (एन्झाइम्सना) चालना देऊन गोळीतले संप्रेरक लवकर निकामी करते. दुकानदाराने याबद्दल काहीच विचारले नाही, आणि रविवार असल्यामुळे माझे क्षयरोग केंद्र बंद आहे. क्षयाची औषधे मी एक दिवसही थांबवणार नाही, तेव्हा तो सल्ला कृपया देऊ नये.

पाच दिवसांच्या आत गर्भाशयात बसवलेल्या तांबीवर (कॉपर-टी) रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही, हे मला माहीत आहे. मात्र मला अद्याप मूल झालेले नाही. जाणकार डॉक्टरांनी किंवा या परिस्थितीतून गेलेल्या मैत्रिणींनी कृपया सांगावे : आजच आणखी एक गोळी घेऊन मात्रा दुप्पट करावी, की उद्या थेट तांबी बसवून घ्यावी, आणि मूल नसलेल्या स्त्रीला सरकारी रुग्णालयात ती बसवून देतात का?