मदत हवी आहे: मांडीतला पू काढला तरी ताप जात नाही, एको (हृदयाची सोनोग्राफी) करावा का?

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर लोक आहेत आणि असल्या दुखण्यातून गेलेलेही असतील, म्हणून विचारतो.

माझे काका, वय ५२, परभणी जिल्ह्यात शेती. शुगर आहे, गोळ्या मात्र मनाला येईल तेव्हा. सोयाबीनची कट्टी भरताना ट्रॉलीचा फाळका मांडीवर आदळला. नुसता मुका मार, कुठे खरचटलंसुद्धा नाही. काही दिवसांनी मांडी ठणकायला लागली. गावात लचक समजून चोळून घेतली, मग तालुक्याला पेनकिलर. कातडीवर ना लाली ना फोड, पण हात लावला तर मांडी लाकडासारखी कडक. थंडी वाजून ताप यायचा, गोधडीवर गोधडी टाकली तरी हुडहुडी थांबेना.

नांदेडला एका खासगी दवाखान्यात आणलं. पायाच्या शिरेत गुठळी असेल म्हणून आधी डॉपलर केलं, ते चांगलं निघालं. मग एमआरआय, त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूत पू दिसला. पायोमायोसायटिस म्हणाले. चीर देऊन पू काढला. सिस्टरने दाखवला तो ट्रे भरलेला होता. पुवाच्या कल्चरमध्ये (जंतूच्या तपासणीत) स्टॅफिलोकोकस ऑरियस, त्यातला एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आहेत.

मांडी उतरली, काका काठी धरून चालायला लागले. पण संध्याकाळी ताप चढतोच, आणि आता खोकला व श्वास घेताना बरगडीत चमक. डॉक्टर म्हणतात छातीचा सीटी आणि हृदयाचा एको करा. काकू म्हणतात, "दुखणं मांडीचं, अन् काळजाचा फोटो कशाला? बिल फुगवायलेत." चुलतभाऊ तर डिस्चार्ज घेऊन घरीच नेऊ म्हणतोय, कापूस वेचायचा राहिलाय. खरंच गरज आहे का या तपासण्यांची?

प्रतिसाद (मी सर्जन आहे, पेशंट पाहिलेला नाही, तेवढं धरून वाचा)

गरज आहे. घरी नेऊ नका.

निरोगी स्नायूत जंतू सहसा तग धरत नाहीत. मुक्या माराने आत रक्त साकळतं आणि रक्तातून फिरणाऱ्या जंतूला तिथे जागा मिळते. शुगर ताब्यात नसली की काम आणखी सोपं. म्हणजे जंतू मांडीत पोचला तो बहुधा रक्तातूनच, आणि मांडीतून पुन्हा रक्तात जाऊ शकतो. हा जंतू हृदयाच्या झडपेवर बसतो, फुप्फुसात छोटे छोटे गळू करतो, हाडात आणि सांध्यात शिरतो. पू काढल्यावर ताप आणि त्यात छातीत चमक, यावर सीटी-एको सांगितला नसता तर मी उलट काळजी केली असती.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) पाठवलं होतं का, आणि पॉझिटिव्ह असेल तर ते निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा पाठवताहेत का? मांडीची सोनोग्राफी पुन्हा झाली का? स्नायूत पुवाचे कप्पे असतात, एखादा राहून जातो आणि ताप तिथूनच येत राहतो. तिसरं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) रोजच्या रोज बघताहेत का, कारण व्हॅन्कोमायसिन किडनीला त्रास देऊ शकतं. सलाईनची सुई लावलेला हातही बघून घ्या, तापाचं कारण कधी तिथेच सापडतं.

आधी साधा छातीवरून एको होईल. तो नॉर्मल आला आणि शंका राहिली तर अन्ननलिकेतून करतात तो लागतो. काकूंना सांगा, झडप खराब झाल्यावरचं बिल याच्या कैक पट असतं.

प्रतिसाद

दादा, आमच्या वहिनीला कमरेच्या आतल्या सोअस स्नायूत पू झाला होता. मांडी पोटाशी घेऊन पडून राहायची, पाय सरळ केला की किंचाळायची. आम्ही महिनाभर मणक्याचंच औषध करत बसलो. शेवटी पुवाची सीबीनॅट (टीबीची तपासणी) केली तर टीबी निघाला, मणक्यातून पाझरत खाली आलेला. तुमचा जंतू सापडलाय, तरी एकदा विचारून घ्या.

पैशाचं म्हणाल तर दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो. रेशन कार्ड, आधार घेऊन आजच भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस आहे, पण कोणता उपचार बसतो ते तोच सांगेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काकूंना वरचा सगळा प्रतिसाद वाचून दाखवला, मग तयार झाल्या. साध्या एकोत झडपा ठीक आहेत. सीटीत दोन्ही फुप्फुसांत छोट्या गाठी, डॉक्टर म्हणाले जंतू तिथे पोचलाच होता. मांडीतही आतल्या बाजूला एक कप्पा राहिला होता, तो उद्या सोनोग्राफीत बघून सुईने काढणार. एचआयव्ही निगेटिव्ह. आरोग्यमित्राने कागद घेतलेत. आता इंजेक्शन किती दिवस चालतील?

प्रतिसाद (सर्जन)

फुप्फुसात गेलंय म्हटल्यावर साधारण ४ ते ६ आठवडे धरून चाला, आणि मोजायचे ते ब्लड कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून. अन्ननलिकेतून एको करायचा का, हे आता परत विचारा. शुगरला सध्या इन्सुलिनच, गोळ्यांवर सोडू नका.

जखम शिवली नाही म्हणून घाबरू नका, अशी जखम उघडी ठेवून आतून भरू देतात. मात्र दुखणं एकदम असह्य झालं, कातडी काळी-जांभळी पडली, दाबल्यावर आत चरचर लागली किंवा धाप लागली, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. रात्री २ वाजले असले तरी ड्युटी डॉक्टरला उठवा.