‘कॅलिब्रेट करा’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ता:
मनगटी घड्याळावर उंची आणि हवेचा दाब कसा बघायचा, याची एक पानी टिपणी डोंगरात हिंडणाऱ्या मित्रांसाठी मराठीत लिहायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीत अडलो. ‘निघण्यापूर्वी घड्याळ कॅलिब्रेट करा.’ कोशात ‘अंशशोधन’ मिळतो. ‘निघण्यापूर्वी घड्याळाचे अंशशोधन करा’ असं लिहिलं तर मित्र टिपणी घडी करून खिशात टाकतील, पुन्हा उघडणार नाहीत. दुसरा काही शब्द आहे का?

प्रतिसाद:
अंशशोधन हा शब्द चांगला आहे, फक्त इथला नाही. तापमापीवरचे अंश बरोबर पडलेत का, हे माहीत असलेल्या बिंदूंशी ताडून बघणं म्हणजे अंशशोधन. ते कारखान्यात होतं. तुम्ही माथ्यावर उभे राहून घड्याळाला एवढंच सांगता, ‘बाबा रे, आत्ता आपण १,२४० मीटरवर आहोत.’ त्याच्या अंशांना तुमचा हातही लागत नाही. वेळ चुकलेल्या घड्याळाचं आपण काय करतो? घड्याळ लावतो. तसंच उंची लावायची. ‘निघण्यापूर्वी उंची लावून घ्या.’

प्रतिसाद:
‘लावणे’ला माझंही मत. तबला लावतात, तंबोरा लावतात. हवा बदलली की तारा उतरतात, मग बैठकीआधी पुन्हा जुळवायच्या. त्यात वाद्य बिघडलंय असं कुणी म्हणत नाही. उंचीच्या घड्याळाचं अगदी हेच असतं: ते हवेच्या दाबावरून उंची काढतं, म्हणून हवा बदलली की आकडाही हलतो. आणि लोकांना नेमकं तेच पटत नाही. दोन तासांत वीस मीटरचा फरक दिसला की निघाले दुकानात तक्रार घेऊन. (मीही गेलो होतो. दुकानदाराने घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘उद्या सकाळी या, इथेच ठेवतो, आकडा बदललेला असेल.’ होता.)

प्रतिसाद:
शब्दांचा विषय निघालाच आहे तर टिपणीत ‘हवेचा दबाव’ कृपया लिहू नका. दबाव माणसांवर येतो, आणतात, झुगारतात. हवेला दाब. रक्तदाब म्हणतो, कमी दाबाचा पट्टा म्हणतो. ‘कमी दबावाचा पट्टा’ कुणी म्हणेल का? जुन्या पुस्तकांत ‘वायुभार’ आणि ‘वायुभारमापक’ दिसतात. मला तो शब्द आवडतो, कारण डोक्यावरच्या हवेचं ओझं त्यात ऐकू येतं आणि वर चढलं की ओझं कमी का होतं हे सांगावं लागत नाही. पण आता विद्युतभारही आहे, त्यामुळे दाबच बरा.

आणि ‘पारा चढला’ हा आपला वाक्प्रचार आता फक्त उन्हाला आणि रागाला उरलाय. पाऱ्याची दुसरी नळी दाबाची. १६४८च्या सप्टेंबरात फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालचा मेहुणा पेरिए ही नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यूई द दोम डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा सुमारे तीन इंच उतरलेला दिसला. मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. तशीच एक नळी त्याने पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला माणूस बसवला होता. तिच्यातला पारा जागचा हलला नाही. म्हणून तर वरचा पारा हवामानामुळे नाही, उंचीमुळे उतरला असं छातीठोकपणे म्हणता आलं. तुमच्या घड्याळाकडे ही दुसरी नळी नाही. सगळं दुखणं तिथे आहे.

धागाकर्ता:
दुसऱ्या नळीचं वाचून एक कोडं आठवलं. पायथ्याला उंची लावली होती, २१० मीटर. माथ्यावरच्या पाटीवर १,२४०, घड्याळात १,१९८. घड्याळाच्या दाबाच्या स्क्रीनवर दोन आकडे: ८७७ आणि १०१३ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक). मी १,२४० लावलं, तर ८७७ तसाच राहिला आणि १०१३चा झाला १०१८. वारा नाही, ढग नाही, एका क्षणात पाच हेक्टोपास्कल कुठून वाढले? आणि या दोन दाबांना म्हणायचं काय? एकाला ‘स्थानिक दाब’ लिहिलं होतं.

प्रतिसाद:
‘स्थानिक’ खोडा. हवामानवाले नकाशासाठी देतात तो दाबही तुमच्याच गावाचा असतो, पण समुद्रसपाटीवर उतरवलेला. त्यामुळे दोन्ही स्थानिक. मी ‘जागेवरचा दाब’ आणि ‘समुद्रसपाटीचा दाब’ म्हणतो.

मोजलेला आकडा एकच, जागेवरचा. घड्याळाच्या पोटातल्या पातळ पडद्यावर हवा किती दाब देते, तो ८७७. बाकी सगळी आकडेमोड. जागेवरचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब घेतले की उंची निघते. जागेवरचा दाब आणि उंची दिली की समुद्रसपाटीचा निघतो. तुम्ही उंची ४२ मीटरने वाढवलीत, तर हिशेब जुळवायला घड्याळाला दुसरीकडचा आकडा हलवणं भाग होतं. समुद्राजवळ एका हेक्टोपास्कलला साधारण साडेआठ मीटर, म्हणून पाच. हवामान जिथल्या तिथे होतं. ‘मोजलेला’ आणि ‘काढलेला’ हे दोन शब्द टिपणीत नक्की घाला, बाकी काही घाला नाहीतर नका घालू.

आता ४२ मीटर गेले कुठे? त्या दिवशी गारवा होता की ऊन?

धागाकर्ता:
खाली २५ अंश, वर १९.

प्रतिसाद:
मग झालं. घड्याळ ज्या ‘प्रमाण हवे’वर, म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या हवेवर, उंची काढतं ती समुद्रसपाटीला १५ अंश असते आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी गार होत जाते. तुमच्या चढाच्या मध्यावर तिच्या मते १० अंश असायला हवे होते, प्रत्यक्षात होते २२. गरम हवा फुगलेली, विरळ. तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं. दहा अंशांच्या फरकाला साडेतीन-चार टक्के धरा. १,०३० मीटरच्या चढावर बारा अंशांचे चाळीसेक मीटर. हवा त्या प्रमाणापेक्षा गार असेल तेव्हा घड्याळ उलटं, जास्त दाखवेल. घड्याळातलं तापमान वापरून हे सुधारता येईल का, तर मनगटावर ते अंगाच्या उबेने आधीच बिघडलेलं असतं.

प्रतिसाद:
माझा आक्षेप ‘अचूक’वर. जाहिरातीत ‘एक मीटरपर्यंत अचूक’ असतं. एक मीटरचा फरक दाखवणं म्हणजे बारकावा. अचूक म्हणजे ज्यात चूक नाही. माझं घड्याळ खुर्चीवरून उठलो तरी एक मीटर चढतं, आणि तरीही तिसाने चुकलेलं असू शकतं. ‘बारीक मोजतं, पण लावलेलं नाही’ असं लिहा.

रात्री तंबूत झोपून सकाळी तीस मीटर ‘चढलेलं’ घड्याळ पाहिलं असेलच. दाब घसरला, घड्याळाला वाटलं आपण चाललोय. दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, साधारण सकाळी आणि रात्री दहाला चढ, पहाटे आणि दुपारी चारला उतार. विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात तीनेक हेक्टोपास्कल. म्हणजे पलंगावर पडूनही पंचवीस मीटर. मुक्कामाला गेलात की उंची धरून ठेवून घड्याळ दाबावर टाका (म्हणजे दाब बदलला तर ते हवामान बदललं असं धरेल), चालायला लागलात की उंचीवर. ‘ऑटो’ ठेवलं तर ते तुमच्या हालचालीवरून अंदाज बांधतं, आणि संथ, लांब चढावर कधीकधी चुकीचा बांधतं.

प्रतिसाद:
जीपीएस चालू केलं की प्रश्नच नाही, असं आता कुणीतरी लिहिणार म्हणून आधीच लिहितो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती गोळ्यापासून. खरी समुद्रसपाटी त्याच्या वर-खाली असते, काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत. घड्याळ तो फरक कोष्टकातून वजा करतं, तरी उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा जास्तच राहते. पाटी किंवा नकाशावरची उंची मिळाली तर तीच लावावी.

प्रतिसाद:
‘एलिव्हेशन गेन’ला ‘एकूण चढ’ म्हणा. ‘चढाई’ नको, किल्ल्यावर स्वारी निघाल्यासारखं वाटतं. ‘चढण’ म्हणजे वाटेचा तो चढाचा भाग. वाऱ्याचे झोत घड्याळाच्या कडेच्या हवेच्या भोकांत शिरले की आकडा खालीवर नाचतो आणि सपाट पठारावरही एकूण चढात भर पडते, तेव्हा दोन घड्याळांचे चढ जुळले नाहीत तर भांडू नये.

प्रतिसाद:
भोकांचं निघालं म्हणून: कडेला दोन-तीन बारीक भोकं असतात, तिथून हवा आत जाते. घाम, क्रीम, माती बसली की घड्याळ गप्प होतं. दोनशे मीटर चढलात तरी आकडा तोच, मग एकदम उडी. कोमट पाण्याखाली धरा. टाचणी घालू नका, आत पातळ पडदा आहे. माझा गेला. आणि बाहीखाली घट्ट दाबून ठेवू नका.

धागाकर्ता:
लिहिलं. पहिल्या चार ओळी अशा: ‘घड्याळ फक्त जागेवरचा दाब मोजतं, उंची त्यावरून काढतं. माहीत असलेल्या उंचीवर पोचलात की प्रत्येक वेळी उंची लावा. मुक्कामाला उंची धरून ठेवा. भोकं धुवा.’

प्रतिसाद:
‘धुवा’ऐवजी ‘नुसत्या कोमट पाण्याने धुवून घ्या’, नाहीतर कुणीतरी साबण लावेल.